कॅन्सरच्या डॉक्टरची बिले: पैसा जनतेचा, मग हिशेब झाकलेला का?



डॉक्टरला देव मानण्याची आपल्याकडे रीत आहे. एकदा देव म्हटले की प्रश्न संपतात. कॅन्सरच्या बाबतीत ही भक्ती सर्वांत घट्ट असते, कारण तिथे भीती सर्वांत मोठी असते. गाठ निघते, अहवाल इंग्रजीत येतो, डॉक्टर म्हणतात "सहा केमो लागतील", आणि घरातला कर्ता माणूस हात जोडून सही करतो. सहाच का, हेच औषध का, यातून आजार बरा होणार आहे की फक्त त्रास कमी होणार आहे, हे विचारायचे असते हेच त्याला कुणी सांगितलेले नसते.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता की भक्ती धर्मात मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा आम्ही दवाखान्यालाही लावतो. जिथे एकाच्या हातात ज्ञान, अधिकार आणि पैसा असतो आणि दुसऱ्याच्या हातात फक्त सहीचा कागद, तिथे भक्ती धोक्याचीच.

म्हणून आमचा प्रश्न सरळ आहे. ज्या कॅन्सर डॉक्टरला जनतेच्या तिजोरीतून पैसे जातात, त्याची बिले जनतेने पाहावीत का? आणि पाहिली, तर त्यांवरून तो डॉक्टर कसा आहे हे ठरवता येते का? आमचे उत्तर असे: बिले पाहण्याचा हक्क जनतेचा आहेच, पण बिलातून प्रश्न हाती लागतो, निकाल नव्हे. हा फरक समजून घ्यायचा तर अमेरिकेकडे पाहावे लागेल, कारण हा प्रयोग तिथे प्रत्यक्ष झालेला आहे.

मिशिगनमधला डॉक्टर

फरीद फता हा मिशिगन राज्यातला कॅन्सरतज्ज्ञ. डेट्रॉइट शहराच्या परिसरात त्याची सात केंद्रे होती. नाव मोठे, गर्दी मोठी, शिवाय कॅन्सरग्रस्तांसाठी धर्मादाय संस्थाही काढलेली. ६ ऑगस्ट २०१३ रोजी त्याला अटक झाली. ज्यांना कॅन्सर नव्हताच त्यांना त्याने केमो दिली होती. ज्यांचा कॅन्सर आटोक्यात आला होता त्यांचीही केमो चालूच ठेवली होती. गरज नसताना लोहाची आणि इतर महागडी औषधे सलाईनमधून चढवली होती. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि १० जुलै २०१५ रोजी त्याला ४५ वर्षांची शिक्षा झाली. सरकारी पक्षाने ५५३ रुग्णांची नोंद न्यायालयापुढे ठेवली. १ कोटी ७६ लाख डॉलर जप्तीचा आदेश झाला.

केमो म्हणजे साधे टॉनिक नव्हे. निरोगी शरीरात ती गेली तर विषच. माणसांची हाडे, दात, मज्जातंतू, हृदय कायमचे निकामी झाले. हे सगळे घडत असताना पैसे कोण देत होते? मुख्यतः मेडिकेअर, म्हणजे ६५ वर्षांवरील आणि अपंग नागरिकांसाठी चालणारा अमेरिकी सरकारचा आरोग्य विमा. प्रत्येक सलाईनचे बिल सरकारच्या दप्तरात जात होते आणि मंजूर होऊन येत होते.

तो पकडला गेला तो बिलांमुळे नव्हे. २०१० मध्ये एका कॅन्सर परिचारिकेने त्याच्या केंद्रात केमो कशी दिली जाते ते पाहिले आणि राज्याच्या खात्याकडे तक्रार केली. पुढच्या वर्षी उत्तर आले की नियमभंग आढळला नाही. पुढे २०१३ मध्ये त्याच्याच केंद्रातल्या एका डॉक्टरच्या लक्षात आले की केमो चालू असलेल्या एका रुग्ण स्त्रीला कॅन्सरच नाही. केंद्राच्या व्यवस्थापकाने ही माहिती सरकारपर्यंत पोचवली आणि चक्रे फिरली. तक्रार आणि अटक यांमध्ये तीन वर्षे गेली. त्या तीन वर्षांत ज्यांच्या शिरेत सुई टोचली गेली, त्यांचा हिशेब कोण देणार?

३३ वर्षे कुलूपबंद

अमेरिकेतही ही बिले जनतेला दिसत नव्हती. १९७० च्या दशकाच्या शेवटी सरकारने मेडिकेअरकडून कोणत्या डॉक्टरला किती पैसे मिळतात हे जाहीर करायचे ठरवले, तेव्हा फ्लोरिडातील डॉक्टरांची संघटना आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशन न्यायालयात गेल्या. डॉक्टरांच्या खासगीपणाचा भंग होतो, हा त्यांचा मुद्दा होता. १९७९ मध्ये न्यायालयाने मनाई हुकूम दिला. तो उठायला मे २०१३ उजाडले. त्यासाठी 'वॉल स्ट्रीट जर्नल' या वृत्तपत्राच्या मालक कंपनीला न्यायालयात झगडावे लागले. ९ एप्रिल २०१४ रोजी पहिली यादी आली. २०१२ या एका वर्षात ८ लाख ८० हजारांहून अधिक डॉक्टर आणि इतर आरोग्यसेवकांना मिळालेल्या सुमारे ७,७०० कोटी डॉलरचा तो तपशील होता. ही यादी आली तेव्हा फता आठ महिने आधीच पकडला गेला होता.

'खासगीपणा' हा शब्द इथे नीट तपासला पाहिजे. रुग्णाचा आजार ही खासगी गोष्ट आहे. डॉक्टरच्या घरात काय शिजते ही खासगी गोष्ट आहे. पण सार्वजनिक तिजोरीतून सार्वजनिक कामासाठी घेतलेला पैसा खासगी कसा? रस्त्याच्या ठेकेदाराची रक्कम विचारली तर कुणी खासगीपणाचे नाव घेत नाही. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी नियंत्रक व महालेखापरीक्षक हा कदाचित संविधानातला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे सांगितले होते. ज्यांचा पीएचडीचा अभ्यास सार्वजनिक वित्तावर होता, त्या माणसाचे हे मत आहे. तिजोरीचा हिशेब हा लोकशाहीचा कणा आहे, हे त्यांनी फार आधी ओळखले होते.

बिल वाचायचे कसे

आता दुसरी बाजू. यादी हाती आली की पहिला मोह होतो तो सर्वांत मोठा आकडा शोधून त्या डॉक्टरला चोर म्हणण्याचा. असे करू नये. कॅन्सरच्या बिलात तर मुळीच करू नये. त्याची कारणे आहेत.

पहिले कारण, औषधाची किंमत. अमेरिकेत खासगी केंद्र चालवणारा कॅन्सर डॉक्टर केमोचे औषध आधी स्वतः विकत घेतो, रुग्णाला देतो आणि मग मेडिकेअरकडे बिल पाठवतो. त्यामुळे त्याच्या नावावर दिसणाऱ्या लाखो डॉलरमधला मोठा भाग औषध कंपनीकडे गेलेला असतो. ती रक्कम डॉक्टरचे उत्पन्न समजणे चूक आहे. याउलट मोठ्या रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरच्या रुग्णांना दिलेल्या औषधांचे बिल रुग्णालयाच्या नावावर जाते, म्हणून त्याचा आकडा छोटा दिसतो. या दोघांची तुलना म्हणजे किराणा दुकानदाराच्या गल्ल्याची तुलना नोकरदाराच्या पगाराशी करणे.

दुसरे कारण, 'सेवांची संख्या'. यादीत एखाद्या औषधासमोर सात हजार सेवा दिसतात आणि वाचणारा हबकतो. पण कित्येक औषधांची बिले ठरावीक मिलिग्रॅमच्या हिशेबाने होतात. बेव्हासिझुमॅब हे औषध दहा मिलिग्रॅमला एक एकक असे मोजले जाते. एका रुग्णाला एका बैठकीत सातशे मिलिग्रॅम दिले तर कागदावर सत्तर सेवा होतात. सुई एकदाच टोचलेली असते.

तिसरे कारण, एकाच ओळीतल्या तीन रकमा. डॉक्टरने मागितलेली रक्कम, सरकारने मान्य केलेली रक्कम आणि सरकारने प्रत्यक्ष दिलेली रक्कम या तिन्ही वेगळ्या असतात. मागितलेला आकडा बहुधा फुगवलेला असतो. बातमीसाठी तोच उचलला जातो आणि सत्य बाजूला राहते.

चौथे कारण सर्वांत गंभीर. या यादीत कोणत्या रुग्णाला कोणत्या टप्प्याचा कॅन्सर होता, उपचार गरजेचा होता का, रुग्ण जगला का, हे काहीच नसते. आजार नसलेल्या माणसाला दिलेली केमो आणि आजारी माणसाला दिलेली केमो बिलात एकसारखीच दिसते. फताचे बिल म्हणूनच सरकारी खिडकीवर बिनबोभाट मंजूर होत राहिले.

मग ही यादी निरुपयोगी का? नाही. ती योग्य प्रश्न विचारायला शिकवते. एकाच राज्यातले, एकाच प्रकारच्या केंद्रात काम करणारे कॅन्सर डॉक्टर शेजारी शेजारी ठेवा. एका रुग्णामागे किती सलाईन, किती भेटी, किती तपासण्या हे पाहा. स्वस्त आणि महाग असे दोन्ही पर्याय असताना एखादा डॉक्टर कायम महागच निवडतो का, हे पाहा. एका वर्षाचा आकडा अपघात असू शकतो, म्हणून चार वर्षे सलग पाहा. एवढे करूनही कुणी सगळ्यांपेक्षा फार वेगळा दिसला तर त्याला आरोपी करू नका, त्याच्याकडे उत्तर मागा. उत्तर चांगलेही असू शकते. तो कदाचित इतरांनी नाकारलेले अवघड रुग्ण घेत असेल. पण उत्तर मागण्याची सोय असलीच पाहिजे.

एका उदाहरणात या दोन्ही गोष्टी दिसतात. २०१४ च्या यादीत सर्वांत वर फ्लोरिडातला नेत्रतज्ज्ञ सॉलोमन मेलगेन होता. त्याला एका वर्षात दोन कोटी डॉलरहून अधिक मिळाले होते. त्याच्या बाजूने सांगितले गेले की यातला बहुतांश पैसा औषधाच्या किमतीचा आहे. औषध महाग होते, हे खरेच होते. पण एका रुग्णासाठीच्या कुपीतले औषध अनेकांना वापरून प्रत्येकाच्या नावे पूर्ण बिल लावले जात होते, हेही निघाले. २०१७ मध्ये तो फसवणुकीत दोषी ठरला. मोठ्या आकड्याने गुन्हा सिद्ध झाला नाही आणि 'औषध महाग आहे' या उत्तराने निर्दोषत्वही सिद्ध झाले नाही. दोन्हींसाठी चौकशी लागली.

पैसा उपचाराला वळण लावतो

इथे आमच्या काही डॉक्टर मित्रांचा आक्षेप येतो. ते म्हणतात, फतासारखा एखादाच असतो, त्यावरून सगळ्या व्यवसायावर संशय कशाला? आक्षेप योग्य आहे. आमचा मुद्दा वाईट माणसाचा नाहीच. समाजशास्त्राचा विद्यार्थी माणसाआधी रचना पाहतो.

मेडिकेअर केंद्रात दिल्या जाणाऱ्या औषधांसाठी सरासरी विक्री किमतीवर सहा टक्के जास्त देते. पुढच्या सरकारी कपातीने हा टक्का प्रत्यक्षात थोडा घटला, पण तत्त्व तेच राहिले. हजार डॉलरच्या औषधावर साठ डॉलर सुटतात, दहा हजारांच्या औषधावर सहाशे. चांगल्या माणसालाही ही रचना कोणत्या दिशेला ढकलते हे सांगायला अर्थशास्त्री नको. २००३ च्या कायद्याने केमोच्या औषधांवरचा पूर्वीचा मोठा नफा कापला आणि २००५ पासून ही नवी पद्धत आली. त्यानंतर फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अनेकांना वाटले होते की नफा कमी झाला म्हणजे केमोही कमी होईल. झाले उलटे. केमो मिळण्याचे प्रमाण वाढले. ज्या कार्बोप्लॅटिनवरचा नफा आटला त्याचा वापर घटला आणि जास्त पैसे सुटणाऱ्या डोसेटॅक्सेलचा वाढला. ही गोष्ट एका डॉक्टरच्या चारित्र्याची नाही, आणि ती दिसली ती बिलांची नोंद अभ्यासकांना उपलब्ध होती म्हणून.

दुसरा पैसा औषध कंपन्यांचा. २०१० च्या आरोग्य कायद्याने अमेरिकेत कंपन्यांना डॉक्टरांना दिलेल्या रकमा, जेवणे, प्रवास, भाषणाचे मानधन यांची नोंद देणे बंधनकारक झाले. ३० सप्टेंबर २०१४ पासून ती नोंद कुणालाही पाहता येते. इथेही सावधपणा हवा. संशोधनासाठीचा निधी डॉक्टरच्या नावावर दिसला तरी तो बहुधा संस्थेला जातो. त्याला लाच म्हणणे अन्याय होईल. पण २०१६ मधला एक मोठा अभ्यास सांगतो की कंपनीकडून वीस डॉलरपेक्षा कमी किमतीचे एखादे जेवण घेतलेल्या डॉक्टरांमध्येही त्या कंपनीचे ब्रँडेड औषध लिहिण्याचे प्रमाण जास्त होते. २०१८ मध्ये कॅन्सर डॉक्टरांच्या अभ्यासात मूत्रपिंडाच्या आणि रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरबाबतही असाच संबंध आढळला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण रुग्णाला तो संबंध माहीत असण्याचा हक्क आहे, एवढेच आमचे म्हणणे.

बिलात न दिसणारी माणसे

आतापर्यंत आपण बिलात दिसणाऱ्यांबद्दल बोललो. आंबेडकरवादी माणसाने याच्या पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: बिलात कोण नाही?

२०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन आले. अमेरिकेत कोणत्या रुग्णाला जास्तीची काळजी द्यायची हे ठरवणारी एक संगणकीय पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरात होती. ती रुग्णाची गरज मोजत होती त्याच्यावर आजवर झालेल्या खर्चावरून. काळ्या रुग्णांवर त्याच आजारात कमी खर्च होत आला होता, म्हणून संगणकाने ठरवले की ते कमी आजारी आहेत. ही चूक दुरुस्त केली तर जास्तीच्या मदतीस पात्र ठरणाऱ्यांतले काळ्या रुग्णांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. ज्याला उपचार नाकारला त्याचे बिल होत नाही, आणि बिल नाही म्हणून गरजही नाही. वर्णव्यवस्था संगणकात शिरते ती अशी.

म्हणून आम्ही म्हणतो, कमी बिल म्हणजे चांगला डॉक्टर हेही समीकरण चुकीचे आहे. जो डॉक्टर गरिबाला दारातूनच परत पाठवतो त्याचे बिल कमीच असणार. अमेरिकेच्या यादीत एक गोष्ट घेण्यासारखी आहे. प्रत्येक डॉक्टरच्या मेडिकेअर रुग्णांमध्ये किती काळे, किती गोरे, किती गरिबांच्या योजनेतले, हेही तिथे दिसते. संख्या फार लहान असेल तर रुग्ण ओळखू येऊ नये म्हणून ती झाकली जाते. या डॉक्टरच्या दारात कोणाला जागा आहे, हा प्रश्न तिथे आकड्यांनी विचारता येतो. आपल्याकडे जातीचा रकाना आला की सगळ्यांना अचानक जात विसरायची असते.

आपल्याकडे काय?

कुणी म्हणेल, अमेरिकेचे आपल्याला काय? मग बीडकडे पाहू. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले निघाले. कित्येक बायकांनी सांगितले की पोटदुखीसाठी गेलो तर डॉक्टर म्हणाले, पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल. कॅन्सर झालेला नव्हता, कॅन्सरची भीती विकली गेली. विकत घेणाऱ्या कोण होत्या? एक दिवस काम बुडाले तर मुकादमाचा दंड भरणाऱ्या, दलित, भटक्या, भूमिहीन घरांतल्या बायका. मोजणी झाली तेव्हा ते दिसले. एकेका दवाखान्यातल्या शस्त्रक्रियांचा आकडा दरवर्षी फलकावर लागत असता तर इतकी वर्षे लागली नसती.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. दोन्हींत कॅन्सरचे उपचार आहेत. या योजनांनी असंख्य घरांना आधार दिला हे आम्ही कधीच नाकारणार नाही. आरोग्यमित्राच्या टेबलासमोर वस्तीतल्या माणसांबरोबर आम्ही तासन् तास उभे राहिलो आहोत आणि मंजुरी आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा फरक पाहिला आहे. केंद्राच्या योजनेतली ग्रामीण कुटुंबे ठरवताना जे वंचिततेचे निकष लावले गेले, त्यांतला एक अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांचा आहे. म्हणजे या योजनेच्या दाव्यांमध्ये आपल्या माणसांची शरीरे आहेत. आणि त्याच दाव्यांचा डॉक्टरनिहाय, उपचारनिहाय तपशील आपल्याला अमेरिकेसारखा पाहता येत नाही. एकूण किती रुग्ण, एकूण किती कोटी, एवढे सांगितले जाते. जाहिरातीला तेवढे पुरते, देखरेखीला पुरत नाही.

महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये आयुष्मान भारतचा अहवाल दिला, तेव्हा साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले निघाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयाने गावात शिबिर घेऊन आणलेल्या लोकांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया केल्या, दोघे दगावले, आणि योजनेच्या पैशासाठी गरज नसताना हे केल्याच्या आरोपावरून गुन्हे दाखल झाले. ते हृदयाचे प्रकरण होते. पण पैशाची वाट तीच आहे, आणि कॅन्सरमध्ये रुग्णाची भीती आणखी मोठी आहे.

माहिती मागायला गेलो तर? माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार अनुदानाच्या योजनांचा तपशील सरकारने आपण होऊन जाहीर करायचा आहे. दुसरीकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले. आधी त्या कलमातच सार्वजनिक कामाशी संबंध आणि व्यापक जनहित यांची कसोटी होती. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे म्हटले की नकार देणे सोपे. फ्लोरिडातल्या डॉक्टरांनी १९७९ मध्ये जी ढाल घेतली, ती आपल्या कायद्याने अधिकाऱ्यांच्या हातात दिली आहे.

आमच्या मागण्या

एक, सरकारी योजनेतून कॅन्सरवर होणारा खर्च दरवर्षी रुग्णालयनिहाय आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनिहाय जाहीर करावा. त्यात रुग्णांची संख्या, उपचाराचा प्रकार, मंजूर रक्कम आणि नाकारलेले दावे असावेत. औषधाची किंमत वेगळी दाखवावी, म्हणजे प्रामाणिक डॉक्टरवर अन्याय होणार नाही.

दोन, रुग्णाची ओळख पूर्ण झाकावी. अमेरिकेच्या यादीत अकरापेक्षा कमी रुग्ण असतील तर ती ओळ वगळतात. आपल्याकडे हे आणखी कडक हवे, कारण लहान गावात तालुका, जात आणि आजार कळला की बाई कोण ते कळते, आणि स्तनाचा किंवा गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेल्या बाईला घरातून बाहेर काढल्याची प्रकरणे आमच्यासमोर आहेत.

तीन, जिल्हापातळीवर लाभार्थ्यांची सामाजिक वर्गवारी जाहीर करावी. अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, मुस्लिम, महिला यांच्यापैकी उपचारापर्यंत कोण पोचले आणि कोण नाही, हे कळल्याशिवाय 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणाच राहील.

चार, औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या प्रत्येक रकमेची जाहीर नोंद कायद्याने सक्तीची करावी. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध विपणनाची संहिता काढली, पण डॉक्टरनिहाय जाहीर नोंद तिच्यात नाही.

पाच, आकड्यांच्या जोडीला जनसुनवाई आणि तक्रार करणाऱ्या परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांना संरक्षण. फताला संगणकाने पकडले नाही, आत काम करणाऱ्या माणसांनी पकडले. आपल्या रुग्णालयांत ही कामे करणारे कोणत्या समाजातले आहेत हे वेगळे सांगायला नको. ते सगळे पाहतात, पण कंत्राटी नोकरीच्या धाकाने तोंड उघडत नाहीत.

यावर शेवटचा आक्षेप असा येईल की बिले जाहीर केली तर बदनामीच्या भीतीने डॉक्टर अवघड रुग्ण घेणार नाहीत. ही भीती पूर्ण खोटी नाही. म्हणूनच आम्ही नुसत्या आकड्यांची क्रमवारी मागत नाही. आकड्यासोबत रुग्ण किती गंभीर होते याची नोंद हवी, डॉक्टरला खुलासा जोडण्याची सोय हवी, आणि निकाल देणारी तज्ज्ञांची समिती हवी, जिच्यात रुग्णांचे प्रतिनिधीही असतील. पण भीती आहे म्हणून अंधारच ठेवा, हे आम्हाला मान्य नाही. त्या अंधाराची किंमत आजवर कुणी मोजली ते आपण पाहिले.

तोवर आपल्या हाती काय आहे? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास डॉक्टरने ७२ तासांत कागदपत्रांच्या प्रती द्यायच्या असतात. त्या मागा. केमो सुरू होण्याआधी गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा अहवाल हातात घ्या. आजार कोणत्या टप्प्यात आहे, उपचार बरे करण्यासाठी आहे की आराम देण्यासाठी, किती वेळा आणि का, हे चार प्रश्न वहीत लिहून न्या. शक्य असेल तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. मात्र एक विनंती: संशय आला म्हणून उपचार अर्धवट सोडून बुवाबाबांच्या दारात जाऊ नका. कॅन्सरवर केमोने माणसे वाचतात, आणि असंख्य डॉक्टर रात्रंदिवस त्यासाठी झटतात. या प्रश्नांनी खऱ्या डॉक्टरचे काही बिघडत नाही.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते की परंपरा आहे म्हणून, किंवा आपला गुरू सांगतो म्हणून मानू नका. स्वतः तपासा, हिताचे असेल तर स्वीकारा. ज्या धम्मात गुरूचे वचनही तपासून घ्यायचे असते, त्या धम्माच्या माणसांनी औषधाच्या चिठ्ठीसमोर का वाकावे? आणि जे सरकार आपल्या नावाने पैसे खर्च करते, त्याला हिशेब मागताना आवाज खाली का ठेवावा?

पुढच्या ग्रामसभेत, वॉर्ड सभेत, जिल्हा आरोग्य समितीपुढे या पाच मागण्या लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका.

जय भीम! जय संविधान!